खंदक क्रमांक चौदा

फिनिक्स, जून. सकाळचे आठ,
आणि पत्र्याचा कंटेनर आताच हात लावू देत नाही.
रेमुंडोच्या यंत्राचा दात
डांबराची साल काढतो, मग खडी,
मग पाडलेल्या मोटेलची फरशी,
बाटल्यांची टोपणं, बाहुलीचा एक पाय,
मग काहीच नाही, नुसती तपकिरी माती.
आणि दोन मीटरवर
भिंतीत एक वाटी उमटते.

तळाशी वाळू, वर पोयटा, वर चिकणमाती,
चिकणमातीला भेगा, भेगांत पुन्हा वाळू.
मी थापीनं भिंत खरवडते, पाणी फवारते,
आणि हजार वर्षांपूर्वीचा पाट
दोन मिनिटं स्वच्छ वाचता येतो.
वाळला की पुसला.

लाकडी काठ्या, दगडी कुदळी, टोपल्या.
लोखंड नाही, बैल नाही, चाक नाही.
आणि उतार असा, की मैलभर चाललं
तरी पायाला कळू नये, पाण्याला मात्र कळावं.
माझी महागडी दुर्बीण तीन पायांवर उभी राहून
दशांश चिन्हासकट तेच सांगते
जे कुणीतरी ओंजळभर पाणी ओतून
आधीच ताडून ठेवलं होतं.

वाळूच्या कणाला शेवटचं ऊन आठवतं.
म्हणून काळ्या ताडपत्रीखाली गुदमरत
पोलादी नळी भिंतीत ठोकायची,
तोंडाला काळी चिकटपट्टी लावायची.
उजेड दिसला की कण सगळं विसरतो.

गाळ उपसल्याच्या खुणा मी मोजल्या,
कुदळीचे चावे, थराथराला.
अकरा.
बाराव्या थरावर चावा नाही.
त्याच्या वरच्यावर नाही. त्याच्याही वर नाही.
गाळ आपला येत राहिला, निवांत, काठापर्यंत.

वहीत लिहिलं: सोडून दिला.
खाली: पूर? दुष्काळ? आपसातली भांडणं?
ज्या वर्षी कुणीच आलं नाही, त्या वर्षाचं
मला जरा जास्तच प्रेम.

अर्डेला एनोस उलट्या बादलीवर बसून होती.
तिच्या लोकांनी, नदीच्या लोकांनी,
तिला इथं नेमलंय,
हाडं निघाली तर आधी तिला सांगायचं म्हणून.
हॅट न उचलता म्हणाली,
"तुमच्या पुस्तकांत होहोकाम म्हणजे संपलेले.
आम्ही हुहुगाम म्हणतो, आधी गेलेले.
उद्या मीही त्यांच्यात. यात संपायचं काय?"

मग वाटीकडे बघत,
"गाळ दिसतोय ना? म्हणजे पाणी येत होतं.
माझ्या पणजोबांचा पाट खणून बघ.
वरच्या अंगाला लोकांनी नदी वळवली,
त्या सालानंतर एक थर सापडायचा नाही.
पाणी चोरलं, की गाळसुद्धा येत नाही."

मी प्रश्नचिन्हं खोडली नाहीत.
पेन मात्र बंद केलं.

गुरुवारी पंधरावा खंदक, नऊ मीटर उत्तरेला.
दुसरी वाटी. रुंद, खोल,
आणि तळापासून वरपर्यंत चाव्यांनी भरलेली.
जुना उपसून उपसून कंटाळले होते,
शेजारी नवा खणला. बस्स.
एवढ्यासाठी मी तीन रात्री
त्यांच्यावर दुष्काळ घातला होता.
"बायका म्हणाल्या असतील," अर्डेला म्हणाली,
"दरवर्षी आम्हीच का टोपल्या वाहायच्या?"
आणि रेमुंडो इतका हसला
की यंत्र बंद पडलं.

शुक्रवारी दोन्ही खंदक बुजवले.
वर गाड्या उभ्या राहतील, पांढऱ्या पट्ट्यांमध्ये, तिरप्या.
नळ्यांचा खोका मी सीटखाली ठेवला, अंधारात.

अर्डेला घाईत होती. तिची पाण्याची पाळी
रात्री अकराची. पहाटेपर्यंत दारं धरायची,
अल्फाल्फाला आणि त्या पांढऱ्या घेवड्याला.
ट्रकच्या मागे रबरी बूट, फावडं, कंदील.
"यंदा चारीत गाळ फार साचलाय," ती म्हणाली,
"उपसायला माणूस मिळत नाही."

मी म्हटलं, मी येते.
तिनं माझ्या हातातली थापी बघितली.
"फावडं आण," म्हणाली. "हे नको."