कोपऱ्यातला बाण

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात बिलिंग बसवलं
तेव्हा इन्स्टॉलरमध्ये चार ओळी जास्तीच्या लिहिल्या:
मेनूत एक नाव, डेस्कटॉपवर एक चित्र,
घडी घातलेला टॉवेल, कोपऱ्यात वाकडा बाण.

दूडममामांना म्हटलं, हा प्रोग्राम नव्हे, नुसता पत्ता.
पुसला तरी आतलं काही हलत नाही.
"म्हंजे गठ्ठ्यावरची चिठ्ठी."
चिठ्ठीच.

दुसऱ्या दिवशी चित्र गायब.
चुकून झालं असेल. थकलेला हात, माऊसला चिकटलेलं सूत.
मग पाचवी ओळ लिहिली:
सुरू होताना बघ, नसेल तर परत ठेव.
मला ती काळजी वाटली होती.

आठवडाभर ते पुसत राहिले,
माझी ओळ ठेवत राहिली,
मागांच्या खडखडाटात कोण कुणाला विचारणार?

शनिवारी लाइट गेली.
माग थांबले, यूपीएस तेवढा पीं पीं करत होता.
"ताई, तेवढी जागा सोडा की."

पडद्यावर त्यांची नात, स्पंदना,
आणि बरोब्बर तिच्या कपाळावर माझा टॉवेल,
ताप उतरेना म्हणजे ठेवतात तसा.
पुढे ते बोलले नाहीत.
मीही कितवीत आहे वगैरे विचारलं नाही.

पाचवी ओळ काढली.
तिच्या जागी एक प्रश्न: इथे ठेवू का?
शेजारी चौकोन, आधीपासून खूण न केलेला.

मामा आता मेनूतून उघडतात.
दोन क्लिक जास्त लागतात,
शेठ म्हणतात, सॉफ्टवेअर स्लो आहे.