सुई

तीन गोधड्या टाचून ठेवल्या,
तर परीक्षा संपल्याच.
हुतात्मानं नणंद आली, पोरं तीन,
इंडीहून मामंजी, दाढ काढायला.

पत्रा तापलेला. कूलर नुसता घरघरतो.
शेंगाचटणी कुटते, दोन टाके.
ताक घुसळते, दोन टाके.
कस्तुरीला सातवा सरला,
तिची बाळंतगोधडी अजून काठापाशीच.

रात्री गच्चीवर अंथरुणं कमी पडली,
तीच पसरली. आणि आठवलं :
सुई तिच्यातच!

मग बॅटरी लावून सगळे ओणवे,
मामंजीसुद्धा, सुजल्या गालानं,
तळहातांनी चाचपतायत
माझं इरकल, ह्यांचा मिलमधला सदरा.

"घावली!" धाकटा ओरडला,
अंगठा तोंडात.

लाल ठिपका पडलाय, सरकीएवढा.
नणंद म्हणते, लगेच धू.
राहू दे.
उद्या तिथूनच पुढचा दोरा.