काळं फडकं

महिन्याचा तिसरा रविवार, पाचपाखाडी,
टिपणिसांकडे, चौथ्या मजल्यावर
आम्ही सात जण, नऊ यंत्रं.
टिपणीस वहिनी चहा थर्मासमध्ये भरून
माहेरी जातात, म्हणजे चरईतच,
संध्याकाळपर्यंत.

नवीन आलंय: काठीसारखं, काचेच्या पोटाचं,
आत धूळ गरगरताना दिसते.
हर्षला भोईरनं ते ऐरोलीहून आणलं
दुपट्यात गुंडाळून, मान सांभाळत.
"पिशवीच नाही. चक्रीवादळ आहे आत."
"असू दे वादळ," लोबो म्हणाले, "फिल्टर धुवायचा ना?
वाळवणार कुठे? जुलैत? ठाण्यात?"
यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग वॅट निघाले. वॅटवरून पास्कल.
टिपणिसांनी वही काढली, सत्त्याण्णवपासूनची,
कुठल्या मोटारीची किती ओढ, सगळं पेन्सिलीत.
"काका, तुमची मोजायची नळीच गळकी आहे," हर्षला म्हणाली.
वही मिटली. चष्मा पुसला गेला.

लोबो वागळे इस्टेटला छत्तीस वर्षं
आर्मेचर गुंडाळतायत,
नुसत्या आवाजावरून सांगतात
कार्बन ब्रश किती उरला.
पण त्यांच्या घरी केरसुणी आहे, तिनं पाहिलीय.
"केरसुणी लक्ष्मी असते," लोबो म्हणाले
आणि गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत सारला.

माझ्याकडे कुणी वळलं नाही.
मी विकायचो.
विकणाऱ्याला तज्ज्ञांत धरत नाहीत,
जसं वाढप्याला आचाऱ्यांत.
अठ्ठ्याऐंशी ते दोन हजार एक, टाय लावून, जिने चढून,
नौपाडा, उथळसर, राबोडी, कोपरी.
दार उघडलं की आधी हसू आत, मग पाय.
"पाच मिनिटं फक्त, ताई."
गादीवरची चादर काढायची,
नळीच्या तोंडात काळं फडकं बसवायचं,
मिनिटभर फिरवायचं,
फडकं उलटून दाखवायचं:
पिठासारखी, करडी, जराशी कोमट.
माणूस रोज थोडा गादीत सांडतो,
हे ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं वाक्य.
ते म्हणायचं नाही. नुसतं थांबायचं.

थांबण्यातच विक्री होती.

कोपरीत एका बाईंनी फडक्याकडे बघून सांगितलं,
"ही आमची नाही. वरच्यांची असेल."
राबोडीत एका म्हाताऱ्यानं धूळ परत मागितली.
बायको नोव्हेंबरात गेली होती,
गादीची ती बाजू तिची.
मी फडकं तसंच घडी करून त्याच्या हातात दिलं.
कंपनीला सांगितलं, हरवलं.
पगारातून सव्वीस रुपये कापले.

इकडे निकालासाठी सतरंजीवर रांगोळी पसरली होती,
मोजून पन्नास ग्रॅम.
चक्रीवादळानं बेचाळीस उचलली,
लोबोंच्या डब्यानं छत्तीस,
टिपणीस म्हणाले, वजनकाटाच खोटा आहे.

"खोपकर, तुम्ही सांगा," हर्षला अचानक म्हणाली,
"यातलं खपेल कुठलं?"
खपेल. चांगलं कुठलं, असं नाही विचारलं.
मी त्या काचेच्या पोटाकडे पाहिलं.
"हेच. पण पोट आधी रंगवून टाका.
लोकांना धूळ गेलेली हवी असते,
रोज दिसलेली नको."
"मग तुमचं काळं फडकं कसं चालायचं?"
"ते एकदाच दाखवायचं."

सगळे एकदम माझ्यावर तुटून पडले.
तीन वर्षांत पहिल्यांदाच एकमत.
मी थर्मासमधला उरलेला चहा घेतला,
आल्याचा, आता नुसता तिखट.

वहिनी आल्या तेव्हा सात वाजले होते.
त्यांनी यंत्रांवरून नजर फिरवली, नऊच्या नऊ,
सतरंजी उचलली,
गॅलरीत नेऊन दोनदा झटकली.
खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतली.