संपाचा सातवा महिना

आमच्या ग्रंथालयाला खिडक्या नाहीत.
चार मजले नुसती काँक्रीटची जाळी,
कुणा परदेशी वास्तुकाराने वारा मोजून बसवलेली.
हरमटानच्या दिवसांत तो वारा
सहाराची धूळ अर्थशास्त्राच्या कपाटावर बोटभर ठेवून जातो.
पहिल्या वर्षाची पोरं त्यात आपापली नावं लिहितात.

इबादानमधली गोष्ट.
खोली चौघांची, झोपणारे सात.
नळाशी पहाटे चारपासून रांग,
रांगेत फक्त बादल्या, मालक अंथरुणात.
वर्गात खुर्च्या साठ, आम्ही दोनशे दहा.
थर्मोडायनॅमिक्स मी व्हरांड्यातून शिकलो,
एका केशरी डोक्याच्या सरड्याशेजारी.
तो प्रत्येक समीकरणाला मान डोलवायचा. मी नाही.

मग प्राध्यापकांचा संप.
दोन आठवडे म्हणाले होते.
सातव्या महिन्यात दीक्षान्त मैदानावर गवत कमरेला लागलं
आणि कुणाच्या तरी शेळ्या मंचावर चढल्या.
माझ्याकडे गावी जायचं भाडं नव्हतं,
गेटवर रिचार्ज कार्डं विकत राहिलो,
म्हणून हे मला माहीत.

लासिसी, कंदपिकांच्या प्रयोगशाळेतला मदतनीस.
पगार बंद, तरी सकाळी सातला सायकल भिंतीला टेकलेली.
आत काचेच्या नळ्यांमध्ये चारशे बारा रोपं,
बोटाच्या पेराएवढी. कसावा.
ज्याचा साबुदाणा होतो तोच;
इथे त्याची गारी करतात, आणि महिनाअखेर
आम्ही ती गार पाण्यात भिजवून खातो,
साखर असली तर साखर घालून.

वीज गेली की रोपं उकडतात.
त्याने अकरा कॅन डिझेल आणलं, स्वतःच्या पैशाने.
बाराव्याला खिशात काही उरलं नाही.
मग ढकलगाडी घेऊन माझ्याकडे आला, म्हणाला,
‘हात दे, काचसामान आहे.’
ग्रंथालयाचा तिसरा मजला, उत्तरेची जाळी.
नळ्या कायदाशास्त्राच्या रॅकवर मांडल्या.
वारा होताच. वास्तुकाराने मोजलेला.

घामाने लेबलांची शाई पुसली
तेव्हा त्याने नंबरांऐवजी नावं ठेवली.
लंगडी. सोमवारची. बँक मॅनेजर.
एक सासू:
पाणी कमी पडलं तर रुसते, जास्त झालं तर सडते.

मोरेनिके परतली, पीएचडीचं तिसरं वर्ष.
जिवंत सदतीस.
तिने दोनदा मोजली, मग तिथेच फरशीवर बसली.
बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘नंबर कुठेत?’
तो नावं सांगत गेला.
कागद नव्हता, तिने डिझेलच्या एका पावतीमागे लिहून घेतली.

प्रबंधात सासू ‘वाण क्रमांक सोळा’ झाली.
तिला मोझॅक रोग लागत नाही, तक्ता चार पाहा.
आभारात लासिसीचं आडनाव चुकलंय.
त्याने प्रबंध हातात तोलला,
‘जड झालाय,’ म्हणाला, आणि परत दिला.

मी आता लेखा विभागात कारकून आहे.
त्याचा अर्ज माझ्याच टेबलावर आला,
डिझेल, अकरा कॅन, पावत्या जोडल्या आहेत.
मोजल्या. दहा.
अकरावी मोरेनिकेच्या टेबलावर काचेखाली,
उलटी बाजू वर.
नियमाला मूळ प्रत लागते.

मी दहा कॅनचे पैसे मंजूर केले.
सही करताना, का कोण जाणे,
मान डोलली.