देवाज्ञा

पेट्या मी बनवत नाही, नुसत्या विकतो.
ओक, पाइन, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही
त्यांच्यासाठी कापड ठोकलेलं फळकूट.
मिसिसिपीच्या या वळणावर
आजोबांपासून हाच धंदा.
खरं सांगायचं तर कारखाने आल्यापासून
बरा चाललेला.

रेव्हरंड ओझायस लॅकूर आले तेव्हा तिशीचेही नव्हते.
बूट मोठे, मान बारीक,
प्रवचनात अडखळायचे.
पहिल्याच वर्षी कंपनीने चर्चला दोन एसी दिले
आणि त्यांनी ते घेतले.
हेही असू द्या नोंदीला.
त्या उन्हाळ्यात खिडक्या लावून
गारव्यात गायलो आम्ही.
वास आत येईना,
म्हणून वाटलं, वास गेला.

देवाज्ञा झाली, म्हणायची रीत आहे.
मीही म्हणतो, टोपी काढून,
कधी दिवसातून दोनदा.
व्हर्डेल सिमोनोची पोर गेली, नऊ वर्षांची,
तेव्हा खड्ड्याशी उभे राहून
ते ‘देवा’पर्यंत आले
आणि पुढचा शब्द निघेना.
दोर धरलेले चौघे, पेटी अधांतरी,
माझ्या घड्याळात अख्खं एक मिनिट.
मग म्हणाले, सोडा.
तेवढंच. सोडा.

संध्याकाळी दुकानात आले. तुझी वही दे.
म्हटलं, गिऱ्हाइकांचं असतं ते, देता येत नाही.
(कामगार गेला की खर्च कंपनी द्यायची,
चेक वेळेवर यायचा. हे बोललो नाही.)
नमुन्याच्या पेटीवर बसून राहिले,
दुकान बंद होईस्तोवर.
दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.
चौथ्या दिवशी कोपऱ्यातला झाडू घेऊन
त्यांनी माझा ओटा झाडायला घेतला.
पाद्री माणूस.
दिली मग वही.

चर्चच्या स्वयंपाकघरात, टेबलावर,
इकडे त्यांची बाप्तिस्म्याची नोंद, तिकडे माझी.
ज्यांना त्यांनी पाण्यात बुडवून वर काढलं
त्यांनाच मी खाली सोडलेलं.
वर काढायची सोय माझ्याकडे नसते.
टाकीमागच्या गल्लीत अकरा घरं,
सतरा नावं.
माझ्या वहीत रकाने चार : नाव, वय, पेटी, पैसे.
त्यांनी पट्टी मागितली
आणि पेन्सिलने पाचवा आखला.

एसी परत केले ते माझ्याच काळ्या गाडीतून.
फाटकावरच्या पहारेकऱ्याने
सवयीने टोपी काढली.

निम्मी मंडळी त्या वर्षी दुसऱ्या चर्चला गेली.
त्यांना दोष देत नाही,
पगार तिथूनच यायचा.
मग सुनावण्या. माणशी तीन मिनिटं.
रेव्हरंड नुसती नावं वाचायचे.
लाल दिवा लागला की खाली बसायचे
आणि पुढचा माणूस उठून
पुढच्या नावापासून सुरू करायचा.
अधिकारी आधी जांभया द्यायचे,
नंतर नंतर पाणी प्यायला लागले.
एकतीस वर्षांत एका नव्या कारखान्याचा परवाना अडला.
एकाच.
बाकीच्यांच्या ज्वाळा रात्री अजून इतक्या पेटतात
की अंगणात दिव्यावाचून भेंडी निवडता येते.
भेंडी मात्र टबात लावायची,
बाहेरून आणलेल्या मातीत.

मागल्या आठवड्यात आले, स्वतःसाठी बघायला.
एकाहत्तर वय, बूट अजून मोठेच.
पाइन पसंत केली.
घासाघीस केली, चाळीस डॉलर कमी करून घेतले,
वर म्हणाले, कड्या पितळी हव्यात.
निघताना विचारलं,
पाचव्या रकान्यात काय लिहिशील?
म्हटलं, अजून वेळ आहे.
म्हणाले, ते विचारलं नाही मी.

आज सकाळी एक पेटी गेली,
टाकीमागच्याच गल्लीत.
नाव. वय. पेटी. पैसे.
पाचव्याला जागा कमी पडली,
तर समासात लिहिलं, बारीक अक्षरात, पूर्ण.
मग टोपी काढली.