थर विलग होता कामा नयेत

तुर्भे स्टोअरच्या मागल्या गल्लीत
मालन खरात वस्तूला नखाने टिचकी मारते
आणि कान देते.
कडक वाजलं तर ही गोणी,
मऊ बसलं तर ती.
शंका आलीच तर कडेला लायटर लावून
धूर हुंगते:
मेणबत्तीचा वास, म्हणजे चांगला माल.

पॉलिमर हा शब्द तिला लागत नाही.
मला लागतो. त्याचाच पगार घेतो मी,
महाप्याला, पॅकेजिंग खरेदी विभागात.

ऑफिसची रद्दी घेऊन गेलो होतो शनिवारी.
वजन होईतो बसलो एका उलट्या क्रेटवर.

ढिगातून एक स्टीलचा डबा निघाला.
झाकणाला पोचा, बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
चि. सौ. कां. वत्सला हिस मामांकडून, १९७१.
मालनने पदराने पुसला, बाजूला ठेवला.
"चहापावडरीला व्हईल."

त्या पोलादाला किती कोळसा लागला
तो आकडा माझ्या तक्त्यात आहे.
त्याला वत्सलाबाईंच्या वर्षांनी भागायचं,
आता मालनच्याही,
हा रकाना नाही.

(आणि माझ्या घरी, दारामागच्या खिळ्याला
एकोणीस कापडी पिशव्या.
सगळ्या परिसंवादांत मिळालेल्या.
कापसाने शेतभर पाणी पिऊन दिलेल्या,
एकीनेही अजून मेथी पाहिलेली नाही.)

मग तिच्या हाताला ते पाकीट लागलं.
बोटभर, चंदेरी. आमच्याच गरम मसाल्याचं.
टिचकी मारली. काही वाजलं नाही.
कड दातांत धरून ओढली.
वर प्लास्टिक, खाली प्लास्टिक,
मधे श्वासाइतका ॲल्युमिनियमचा पापुद्रा.

"ह्यांचं लगीन कुनी लावलं वो?
सुटता सुटंना. कुठल्याच गोणीत बसत न्हाई."

मार्चमध्ये लावलं. नगामागे तेरा पैसे वाचले.
आत ओल जात नाही, मसाला वर्षभर वास धरतो,
तोही काही खोटा हिशेब नव्हता.
हे सगळं जिभेवर आलं.
मी काट्याकडे बघत राहिलो.

रद्दी सव्वीस किलो.
तिने नोटा मोजल्या, वरचे सुटे दिले
आणि सुट्यांबरोबर ते पाकीटही,
माझंच असल्यासारखं.

रात्री कोपरखैरण्याला, दिव्याखाली,
नखाने कड उचकटत बसलोय.
निघत नाही.
निघायचं नव्हतंच. करारात कलम सात,
माझ्याच हातचं:
थर विलग होता कामा नयेत.