जोडी

मुझम्मिल पेवेकर शिडी न मागताच माडावर चढला.
कमरेला काळ्या वायरीचं भेंडोळं,
दातात पक्कड.
मी खालून म्हटलं, "फार ताणू नको, वाऱ्याला झोळ लागतो."
तो वरून, "काका, ही तांब्याची नाही."

माहीत आहे रे.
एकतीस वर्षं तांबंच ओढलं मी
अंजनवेलपासून या वेलदूरच्या धक्क्यापर्यंत.
खाऱ्या हवेत तांबं कळकतं,
बिनकल्हईच्या पातेल्यात ताक कळकावं तसं.
जोडावर हिरवं धरतं,
आणि घरात सुनेच्या पडद्यावर
मस्कतची पोरं तोंड उघडं ठेवून थांबतात.
क्षची किंमत निघायच्या आत
गोल गोल फिरायला लागतं.

श्रुतिका कधी बोलली नाही.
नुसती मोडेम मांडीवर घेऊन पायरीवर यायची,
तापाचं पोर घेऊन यावं तशी.
शेवटी मीच सही केली अर्जावर.

त्याने डबीतून काच काढली,
कोळंबीच्या मिशीएवढी.
छाटलेले तुकडे चिकटपट्टीवर एकेक वेचत होता.
"पायात गेली तर काकींना दिसायची पण नाही."
"दुसरी तार कुठाय?"
"एकच असते."
"आणि जायची एक, यायची एक?"
"एकाच काचेतून, काका.
जाणारा उजेड वेगळ्या रंगाचा, येणारा वेगळ्या."
"बघू."
"बघायचं नाही.
दिसत तर नाहीच, वर डोळा जातो."

आमच्यात एकटी तार मुकी.
जोडी लागायची.
निळी-पांढरी, नारिंगी-पांढरी,
खड्ड्यात उकिडवं बसून पन्नास जोड्या जुळवायच्या;
एक चुकली की गुरवांचा फोन खोतांकडे,
आणि दोन्ही घरच्या शिव्या मला.
खांबावर असताना कुणाची रिंग आली
तर बोटांत झिणझिण्या.
एकदा अख्खी रिंग वाजून संपली माझ्या हातात.
त्या घरात कोणी उचललाच नाही.
कोणाचा होता, हे लाइनमनने विचारायचं नसतं.

संध्याकाळी मस्कतची पोरं भराभर हलू लागली.
एकाने नाकात बोट घातलं,
तेही लख्ख दिसलं.
श्रुतिका हसली. मला बरं वाटलं,
आणि का कोण जाणे, थोडं कमीही वाटलं.

चौथ्या दिवशी सातला लाइट गेली.
काचेतला उजेड भिंतीपर्यंत येतच असणार,
पण डबीला प्यायला करंट नव्हता.
श्रुतिका चाचपडत पडवीत आली.
"बाबा, जुनी लाइन असती तर चाललं असतं?"
खोटं कशाला बोलू?
"तुझा वर्ग नसता चालला.
फक्त आवाज चालला असता.
एक्स्चेंजची बॅटरी तारेतून घरात यायची.
गाव काळोखात असला तरी
फोनच्या पोटात धग असायची."
"मग कुणाला केला असता?"

मी एकेक घर डोळ्यांपुढे आणलं.
पालशेतकर. जांभारकर. मशिदीमागचे मुकादम.
भिंतीवर नुसता खिळा.
त्यातले निम्मे फोन
नोकरीच्या शेवटच्या वर्षी मीच काढून आणलेले.

बाहेर धक्क्यावर कोणीतरी बॅटरी मारत होतं पाण्यावर,
एवढाच उजेड.

मग मुझम्मिलने छोटी बॅटरी आणून दिली,
दोन तास पुरते.
भंगारवाला तांब्याला चांगला भाव देतोय.
मी वायर सोलली नाही.
विहिरीच्या खांबापासून न्हाणीपर्यंत बांधली,
झोळ बरोब्बर ठेवून.
आता तिच्यावर बोंबील वाळतात,
जबड्यात जबडा अडकवून,
एक इकडे, एक तिकडे.